झाप नको, झावळी हवी

कोजागिरीच्या रात्री आमच्या अलिबागच्या घरातून मसाला दुधाचा एक तांब्या शेजारी जायचा. शेजार म्हणजे भिंतीला भिंत नव्हे. मध्ये एक विहीर, दोन माड आणि अबोलीचा वाफा. पलीकडे एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. त्या घरातल्या आजींना सगळी आळी आजीच म्हणायची. तांब्या पोचवण्याचे काम माझ्याकडे होते. आजी तो दोन्ही हातांनी घ्यायच्या, "ठेवते गं, सकाळी घेऊ," म्हणायच्या आणि झाकण घालून फडताळात ठेवून द्यायच्या. कोजागिरीचे दूध सकाळी? मला तो आमच्या दुधाचा अपमान वाटे. आईकडे तक्रार केली तर ती हातातले काम न सोडता म्हणे, "आज त्यांच्याकडे मटण असेल. मटणावर दूध नाही घेत ते." रिकाम्या हाताने मात्र मी कधी परतले नाही. येताना हातात वाटी असे, तिच्यात नारळाच्या दुधातली खीर.

त्या रात्री त्यांच्या परसात एक मांडव असायचा. चार वासे, तीन बाजूंना जुनी लुगडी आणि चादरी, वर माडाच्या झावळ्या. आत सतरंजीवर सगळे घर जेवायला बसलेले. झावळ्यांना केळी, पेरू, मोसंबी दोऱ्याने टांगलेली. त्यांचीही कोजागिरीच असावी, आमच्याहून जरा हौशी, अशी माझी समजूत होती. एका वर्षी मांडव घालताना मी मदतीला गेले आणि आमच्या गोठ्यावरचा विणलेला झाप ओढत नेला. आजींनी तो परत पाठवला. "झाप नको गं, झावळी हवी. वरून चांदणी दिसली पाहिजे." ज्या छपरातून चांदणी दिसते त्यातून पाऊसही येणार, हे कोकणातल्या मुलीला सांगावे लागत नाही. गळके छप्पर मुद्दाम का करायचे, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. इतिहास शिकवण्याचा पेशा पत्करल्यावर सवड मिळेल तशी मी त्याच्या मागे लागले.

सणाचे हिब्रू नाव सुक्कोथ, म्हणजे मांडव किंवा खोपटी. तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीला तो सुरू होतो. ज्यूंचा महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच चंद्रकोरीपासून मोजतात, त्यामुळे पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा. आपण अधिक मास धरतो, तसे त्यांच्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा एक महिना वाढवतात. फरक एवढाच की आपला अधिक मास फिरता असतो आणि त्यांचा नेहमी अदार महिन्याचाच जोड असतो. दोन्हीकडचा हिशेब जुळतो तेव्हा सुक्कोथची पहिली रात्र कोजागिरीवर येते. २०२२ मध्ये तसे झाले, २०२४ मध्येही. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता, म्हणून त्यांचा मांडव भाद्रपदाच्या पौर्णिमेलाच उभा राहिला आणि कोजागिरी महिन्याने मागे राहिली. लहानपणी काही वर्षी शेजारचा मांडव आमच्या दुधाची वाट न पाहताच उठून का जाई, त्याचे उत्तर मला पंचांगात सापडले.

हा मूळचा सुगीचा सण. खळे झाले, द्राक्षे चुरून झाली, कोठार भरले की करायचा. त्यावर दुसरी आठवण चढली: मिसरच्या दास्यातून सुटल्यावर पूर्वज चाळीस वर्षे रानात भटकले, तेव्हा ते खोपटांत राहिले. म्हणजे घर धान्याने भरलेले असताना, पक्क्या भिंतींचा भरवसा वाटू लागतो त्या नेमक्या दिवसांत, सात दिवस घराबाहेर येऊन कच्च्या छपराखाली जेवायचे.

छपराचे नियम मिश्ना या ग्रंथात आहेत. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या या धर्मशास्त्रीय ग्रंथातले एक अख्खे प्रकरण मांडवावर आहे आणि सुताराने वाचावे इतके ते बारीक आहे. मांडव वीस हातांहून उंच नसावा. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तिच्यापासून तोडलेल्या वस्तूचेच हवे, त्यामुळे जिवंत झाडाखाली किंवा वेलाखाली बसलेले चालत नाही. कापड नको, धातू नको, भांडे-अवजार झालेली कोणतीही वस्तू नको. चटईचीही चर्चा आहे. अंथरायला विणलेली असेल तर छपराला चालत नाही, छायेसाठी विणलेली असेल तर चालते. हे वाचताना मला आमचा गोठ्यावरचा झाप आठवला. तो अंथरायचा नव्हता, तेव्हा काटेकोर पाहिले तर कदाचित चालूनही गेला असता. पण पाऊस अजिबात आत येऊ देणार नाही इतके दाट छप्पर पुढच्या शास्त्रकारांना मान्य नाही. आजींनी मिश्ना वाचलेली नव्हती, पण निकाल बरोबर दिला होता.

डोक्यावर उघडे आकाशच हवे, मध्ये दुसरे छत चालत नाही. शहरात या नियमाची पंचाईत होते. मुंबईतल्या इमारतीत गॅलरीवर गॅलरी असते. वरच्या बिऱ्हाडाची गॅलरी हेच खालच्याचे छत. म्हणून मुंबई-ठाण्यात घरोघरचा मांडव मागे पडला आणि प्रार्थनालयाच्या आवारातला सामाईक मांडव उरला. जेरुसलेममध्ये यासाठी एकाखाली एक न येणाऱ्या, अलग सरकवलेल्या गॅलऱ्यांच्या इमारती बांधतात. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांनी नोंद घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

आणि पाऊस? ताटातली पेज बिघडेल इतका पाऊस आला तर उठून घरात जाण्याची मुभा मिश्नाच देते. त्यासोबत एक दाखलाही आहे: नोकराने धन्याचा प्याला भरायला जावे आणि धन्याने सगळी सुरई त्याच्याच तोंडावर ओतावी, तसा हा पाऊस. म्हणजे सेवा नाकारल्याची खूण. ज्या देशात हे लिहिले गेले तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस या सणानंतर सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. कोकणात तर या दिवसांत परतीचा पाऊस ठरलेला. आजींच्या मांडवात मी दोनदा तरी ताटे उचलून पडवीत पळताना पाहिली आहेत, आणि नाकारले गेल्याची खंत कोणाच्या तोंडावर नव्हती. पोरे तर पावसाचीच वाट पाहत असत.

सणात चार वनस्पती हातात धरून प्रार्थना करतात: खजुरीची न उमललेली झावळी, हदास नावाच्या सुगंधी झुडपाच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन आणि एक फळ. फळाचे हिब्रू नाव एथ्रोग. आपण त्याला महाळुंग म्हणतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच हे फळ. ते डागाळलेले चालत नाही, टोकाचा दांडा मोडलेला चालत नाही, त्यामुळे ज्यू बाजारात महाळुंग पारखणारा माणूस हापूस पारखणाऱ्यासारखाच दिसतो. चौघे एकत्र धरून चार दिशांना, वर आणि खाली हलवायचे. याचा एक जुना अर्थ मला आवडतो. महाळुंगाला चवही आहे आणि वासही. खजुराला चव आहे, वास नाही. हदासला वास आहे, चव नाही. वाळुंजाला काहीच नाही. माणसेही अशी चार प्रकारची, विद्या आणि सत्कर्म यांपैकी दोन्ही असलेली, एकच असलेली, काहीच नसलेली. आणि जुडीतून वाळुंज वगळला तर विधी होत नाही.

आता आनंदाकडे येते, कारण या सणाचे प्रार्थनेतले नावच 'आमच्या आनंदाचा काळ' असे आहे. आनंद इथे मनाची अवस्था नाही, आज्ञा आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात ती येते आणि तिच्यासोबत यादी येते: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, गावात राहणारा लेवी, परका, अनाथ, विधवा. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहून गेलेला मायमोनिडीस हा पंडित याचा अर्थ लावताना फार स्पष्ट बोलतो. जो अंगणाचे दार लावून बायकामुलांसह खातो-पितो आणि गरिबांना, मनाने खचलेल्यांना जेवू घालत नाही, त्याचा तो सणाचा आनंद नव्हे, पोटाचा आनंद. मांडवात रोज एका पूर्वजाला बोलावण्याचीही प्रथा आहे: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ, दावीद. पाहुणा अदृश्य असला तरी त्याच्या वाटचे जेवण दृश्य गरिबाला जायला हवे, असे सांगितले आहे.

इथे मला माझे एक म्हणणे मांडायचे आहे. उपास एकट्याला करता येतो. शब्बाथ एका घराला पाळता येतो. हा सण मात्र एकट्यादुकट्याला साधत नाही. त्याच्या व्याख्येतच दुसरी माणसे आहेत. म्हणून समाज विखुरतो तेव्हा दुःखाचे दिवस टिकतात आणि आनंदाचे दिवस आधी पुसट होतात. बेने इस्रायलांचा कोकणातला इतिहास मला याचा पुरावा वाटतो.

त्यांच्या परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ गेले, भाषा गेली. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली ठरली. गावांवरून रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर झाली. शतकानुशतके त्यांच्याजवळ सुंता, शब्बाथ, खाण्याचे निर्बंध, 'शमा' ही एक प्रार्थना आणि काही सण-उपास एवढेच होते. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आणि १९३७ मध्ये तेल अविवला छापला गेलेला समाजाचा इतिहास या नावांसाठी वाचावा. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण, फाल्गुनाच्या आसपास येतो म्हणून होळीचा सण. वालाचे बिरडे खायचे म्हणून बिरड्याचा रोजा. सण मराठी, रोजा मुसलमानी, पाळणारे ज्यू. एवढ्या तीन शब्दांत कोकणचा निम्मा इतिहास येतो.

या यादीत मांडवाचा सण त्याच्या रूपाने दिसत नाही. दिसतो तो खिरीचा सण, त्याच तिश्री महिन्यातला: नव्या धान्याची नारळ घातलेली गोड खीर, ऊद जाळायचा, शमा म्हणायची आणि खायचे. सुगी उरली, गोड उरले, मांडव गेला. आजींची ती वाटी याच खिरीची वंशज असावी असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

मांडव परत आला तो माणसे एकत्र आल्यावर. अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले, असे ज्यांच्याबद्दल सांगतात, त्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनालय बांधले. बेने इस्रायल त्याला मशीद म्हणत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आली आणि मराठी बायबल आले. मिशनऱ्यांना अपेक्षित होते त्याच्या उलटे झाले, वाचणारा समाज अधिक ज्यू झाला. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन आबोथ उभे राहिले, रेवदंड्याला आणि पनवेलला बेथ एल. आणि प्रार्थनालयात तोराची हस्तलिखित गुंडाळी आली, तेव्हाच सुक्कोथचा शेवटचा दिवस साजरा करणे शक्य झाले. गुंडाळीच नसेल तर तिच्याभोवती नाचणार कसे?

तो शेवटचा दिवस म्हणजे सिम्हाथ तोरा, तोराचा आनंद. वर्षभर दर शनिवारी तोराचा एक भाग वाचतात. या दिवशी शेवटचा भाग येतो, मोशेच्या मृत्यूचा, आणि तो संपताच दुसरी गुंडाळी उघडून लगेच विश्वाची उत्पत्ती वाचायला घेतात. शेवट वाचायला उभा राहतो तो तोराचा नवरदेव, आरंभ वाचतो तो आरंभाचा नवरदेव. सगळ्या गुंडाळ्या कपाटातून बाहेर काढून कडेवर घेतात आणि सात प्रदक्षिणा होतात. सॅम्युएल पेपीस या इंग्रज रोजनिशीकाराने १६६३ मध्ये लंडनच्या प्रार्थनालयात नेमका याच दिवशी पाय ठेवला. हसणे, नाचणे, गडबड पाहून तो हादरला आणि देवाच्या घरात ही काय रीत, असे लिहून बसला. त्याला कोणी कार्ला-जेजुरीला न्यायला हवे होते.

मी मुंबईत हा सोहळा पाहिला तेव्हा मला वर बायकांच्या सज्ज्यात बसवले होते. खाली लाकडी आणि चांदीच्या नळकांड्यांतल्या गुंडाळ्या हातोहात फिरत होत्या. त्या चांगल्याच जड असतात. सत्तरीतले गृहस्थ घामाघूम होऊन एक फेरी पुरी करत आणि शेजारच्या तरुणाकडे सोपवत. गुंडाळीच्या टोकांवरच्या घुंगरांचा आवाज सज्ज्यापर्यंत येत होता. प्रत्येक फेरीला बायका हात पुढे करून बोटे ओठांना लावत. गाणी हिब्रू, आरडाओरडा मराठी: "अरे त्याला दे ना, तो कधीचा उभा आहे!"

पण रूढ नियमाप्रमाणे सार्वजनिक वाचनाला दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या थोडे वर होते, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात, आणि बहुतेक मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला; दर्जाने दहावा माणूस येत नाही. कोकणातल्या एका प्रार्थनालयाची देखभाल करणारे गृहस्थ मला म्हणाले, "त्या वर्षी नऊच होतो. कपाट उघडलं, हात लावला, बंद केलं." मी नोंदवहीत लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

२०२३ मध्ये इस्रायलात सिम्हाथ तोरा ७ ऑक्टोबरला आली. त्या सकाळी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि नंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो. पुढच्या वर्षी नाचायचे की नाही, यावर जगभरच्या प्रार्थनालयांत वाद झाले. मला त्या वेळी एक जुना हिशेब आठवत होता. तोरात सुक्कोथच्या संदर्भात आनंदाची आज्ञा तीनदा येते, सप्ताहांच्या सणासाठी एकदा आणि वल्हांडणासाठी एकदाही नाही. का नाही? प्राचीन भाष्यकारांनी दिलेले एक कारण असे, की त्या सुटकेत मिसरी माणसे मेली होती.

आजींचे घर आता नाही. विहीर बुजवली, माड एक उरला. त्यांची नात माझ्या वर्गात होती. ती लग्नानंतर अश्दोदला गेली, तिथे आता तिला नातवंडे आहेत. गेल्या वर्षी कोजागिरी आणि सुक्कोथ एका रात्री आले. सणाच्या पहिल्या रात्री ती फोनला हात लावत नाही, म्हणून तिसऱ्या रात्री तिचा फोन आला, मांडवातूनच. मांडव इमारतीच्या अंगणात होता. छपराला खजुरीच्या झावळ्या, छाटणी झाल्यावर मिळालेल्या. "माड कुठला इथे," ती म्हणाली. "नारळाचं दूधही डब्यातलं. पण खीर केली." मांडवापासून निवाऱ्याच्या खोलीपर्यंत किती पावले लागतात ते नातवंडांनी मोजून ठेवले होते, तेही तिने सांगितले, खिरीइतक्याच सहजपणे. शेजारच्या बिऱ्हाडातली एकटी राहणारी रशियन बाई तिच्या मांडवात जेवायला बसली होती. एकीला मराठी येत नाही, दुसरीला रशियन.

मग तिने विचारले, "परवा दूध केलं होतंस का गं?"

"केलं होतं."

"माझं झाकून ठेव. सकाळी घेईन."